विश्वामित्रीकाठच्या खोलगट जमिनीत काय लावावं: मखाना, शिंगाडा, कमळ की अळू

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्याच्या दक्षिणेला, वडसरच्या पुढे विश्वामित्रीच्या अंगाला तुमची साडेतीन वीघे वडिलोपार्जित जमीन आहे, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग खोलगट, आषाढात पाणी भरलं की दिवाळीपर्यंत हटत नाही, मध्ये कमरेएवढं आणि कडेला घोट्याएवढं, कापूस-तूर लावून झालं पण मुळं कुजतात. आता एकाने मखान्याचा व्हिडिओ पाठवलाय आणि दुसरीकडे एक कॉन्ट्रॅक्टर फुकटात भराव टाकून द्यायला तयार आहे, तर यातलं काय करू असं तुम्ही विचारलंत.

माझं सरळ मत आहे की दोन्ही करू नका. अशा जमिनीत पीक कुठलं लावायचं हे आधी ठरवायचंच नसतं. आधी ठरवायचं की तिथे साचणारं पाणी कुणाचं आहे, कुठून येतं आणि कुठे जातं. ते कळलं की पीक आपोआप ठरतं, आणि ते न बघता लावलेलं कितीही भारी पीक दोन वर्षांत तुम्हाला रडवतं.

भरावाचं आधी संपवतो. फुकट मिळणारा भराव म्हणजे बहुतेक वेळा पाडलेल्या घरांचा मलबा, त्यात विटा-सिमेंट-प्लास्टिक, त्याच्यावर शेती होत नाही, आणि नंतर तो काढायचा खर्च कुणी देत नाही. दुसरं म्हणजे तुमच्या खोलगटात जे पाणी मावतं ते भराव टाकल्यावर गायब होत नाही, ते शेजाऱ्याच्या शेतात नाहीतर सोसायटीत जातं. २०१९ च्या ३१ जुलैला एका दिवसात जवळजवळ ५० सेंटीमीटर पाऊस पडला तेव्हा, आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर काळा घोड्याच्या पुलाजवळ पाणी ३५ फुटांच्या वर गेलं तेव्हा (तिथली धोक्याची पातळी २६ फूट आहे), शहराचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल. नदीच्या बाजूची कोतरं (नदीला मिळणाऱ्या घळी) आणि खोलगट जागा भरत गेलो म्हणून ही वेळ आली हे बडोद्यात आता लहान पोरसुद्धा सांगेल. २०२१ मध्ये हरित लवादानेही विश्वामित्रीच्या पूरक्षेत्रातल्या भरावाबद्दल कडक आदेश दिलेत, म्हणजे उद्या नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येणार, कॉन्ट्रॅक्टरच्या नाही. त्याच्याआधी एकदा सात-बारा आणि नकाशा नीट बघून घ्या, नदीकाठच्या जमिनीत कुठलं आपलं आणि कुठलं सरकारी याची बऱ्याच घरांत चुकीची समजूत असते.

आता पाणी. विश्वामित्री पावागडातून निघते, शहरातून वळणं घेत जाते, पुढे ढाढर नदीला मिळते आणि ते पाणी खंभातच्या आखातात जातं. शहराच्या वरच्या बाजूला, म्हणजे आजवा, आसोज, वेमाली त्या पट्ट्यात जे पाणी आहे ते आणि शहरातून बाहेर पडल्यावरचं पाणी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमची जमीन खालच्या बाजूला आहे. उन्हाळ्यात नदीत जे वाहताना दिसतं ते मुख्यतः शहराचं सांडपाणीच असतं, थोडं प्रक्रिया झालेलं, थोडं तसंच. म्हणून तुमच्यासाठी पहिला प्रश्न हा की खोलगटातलं पाणी तुमच्या आणि वरच्या शेतांतलं पावसाचं आहे, की कोतरातून नदीचं उलटं चढलेलं आहे. हे ऑफिसात बसून कळत नाही. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस झाला की शेतात जा आणि पाणी कुठल्या कोपऱ्यातून शिरतं ते बघा, शिरतं तिथे खुंटी ठोका, आणि मग मोठ्या पावसानंतर ढाढर तुंबून विश्वामित्रीचं पाणी मागे चढतं तेव्हा परत जाऊन बघा. रंग आणि वास यावरूनच निम्मं कळतं. पावसाचं पाणी मातकट असतं, गटाराचं काळपट, फेस धरणारं, आणि ओसरल्यावर गवताच्या काडीवर तेलकट रेघ सोडतं.

पहिल्या पुराचं पाणी सगळ्यात वाईट असतं, कारण उन्हाळाभर नाल्यात साचलेला सगळा गाळ ते घेऊन येतं. नंतरच्या मोठ्या पुरात ते पातळ होतं. म्हणून कोतराच्या तोंडाशी दोन-अडीच फुटांचा मातीचा पाळा, म्हणजे बुटका बांध, घालायचा, त्यात एक पाइप नि झाकण. पहिलं पाणी बाहेरच ठेवायचं. मोठा पूर पाळ्यावरून जाणार, जाऊ दे, त्याला अडवायला उंच बांध घालू नका, नाहीतर तुम्ही पण तेच केलं जे भराववाला करतो.

मग टेस्ट. माती दोन खोलींची, वरची सहा इंच आणि त्याच्या खालची, खोलगटातून आणि कडेवरून वेगवेगळी, आणि पाण्याचा नमुना. फक्त नत्र-स्फुरद-पालाश नाही, शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे मागून करून घ्या. आणंदचं कृषी विद्यापीठ तासाभराच्या अंतरावर आहे, तिथे चौकशी करा, नाहीतर मान्यता असलेली खाजगी लॅब चालेल. पैसे लागतात, पण हा खर्च टाळून पुढे जाऊ नका असं मी हात जोडून सांगतो, कारण तुम्ही जे लावणार ते कुणाच्या तरी घरी शिजणार आहे. पालेभाज्या हे धातू सगळ्यात जास्त पानात ओढतात. आणि यात एक गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते: जमीन पाण्याखाली असते तेव्हा हवा नसल्याने कॅडमियम गंधकाबरोबर बांधलं जातं, झाडाला कमी मिळतं, पण दिवाळीनंतर पाणी हटून जमीन सुकली, भेगा पडल्या, हवा आत गेली की तेच कॅडमियम सुटं होतं. म्हणजे पावसाळ्यात घेतलेलं पीक टेस्टमध्ये ठीक आलं म्हणून हिवाळ्यात त्याच मातीत लावलेली पालक-मेथी ठीक असेल असं नाही. दोन्ही वेळेचे नमुने वेगळे तपासायचे.

कुणीतरी तुम्हाला कोलकत्त्याचं उदाहरण देईल, तिथे सांडपाण्यावर मासे आणि भाज्या होतात म्हणून. खरं आहे, पूर्व कोलकत्त्याची पाणथळ जमीन २००२ पासून रामसर, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे. पण तिथे पाणी उथळ तळ्यांत उन्हात दिवसचे दिवस थांबवून मग वापरतात, आणि ती व्यवस्था साडेबारा हजार हेक्टरवर पसरलेली आहे. तुमच्या साडेतीन वीघ्यांत, म्हणजे जेमतेम दोन एकरात, गटार सरळ आत सोडून ते होत नाही. शिवाय बडोद्याच्या आजूबाजूला केमिकलची कारखानदारी आहे, इथलं पाणी फक्त मळाचं आहे असं गृहीत धरता येत नाही.

आता रिपोर्ट खराब आला तर? तर खायचं काही लावू नका, एवढंच. फुलासाठी कमळ लावा, बांधावर वाळा लावा, त्यातूनही पैसे होतात, खाली सांगतो. रिपोर्ट बरा आला आणि पाणी मुख्यतः पावसाचं असेल तर तुमच्याकडे तीन पट्टे आहेत, कडेला घोटाभर, मग गुडघाभर, मध्ये कमरेइतकं, आणि तिन्हीचं पीक वेगळं.

मखाना का नको ते आधी. देशातला बहुतेक मखाना बिहारमधून, दरभंगा-मधुबनी आणि पूर्णिया-कटिहारकडून येतो, मिथिला मखान्याला २०२२ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, दरभंग्याला त्याचं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे. तिकडे आता तो शेतात फूट-दीड फूट पाण्यात पण घेतात, त्यामुळे व्हिडिओत सोपं दिसतं. पण पानं, देठ, फळ सगळं काटेरी असतं, बी पिकून तळाला चिखलात जाऊन बसतं, ते हाताने गोळा करायचं, धुवायचं, वाळवायचं, प्रतवारी करायची, मग भाजून ठराविक वेळी लाकडी थापीने फोडून लाही काढायची. हे फोडायचं काम तिथली कुटुंबं पिढ्यानपिढ्या करतात, हाताचा अंदाज असतो तो. तुम्ही बी पिकवलंत तरी इथे फोडणार कोण? कच्चं बी घेणारा व्यापारी बडोद्यात तुम्हाला मिळणार नाही, आणि मिळाला तर भाव तोच ठरवणार. शिवाय मखान्याला शांत पाणी लागतं, आपल्याकडे एका रात्रीत चार फूट चढतं नि चौथ्या दिवशी उतरतं. ज्याच्याकडे बंदिस्त तळं आहे त्याने हौस म्हणून करून बघावं, तुमच्या जागेत नाही.

कडेचा पट्टा अळूचा. माझ्या मते तुमच्या जमिनीचं खरं पीक हेच आहे आणि लोक त्याला कमी समजतात, कारण ते घराच्या मोरीमागे आपोआप उगवतं. बडोद्यात अळूला दोन गिऱ्हाईकं आहेत, असं गाव दुसरं मला माहीत नाही. एक आपली मराठी मंडळी, दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, गौरी-गणपती आणि पितृपक्षात अळूचं फतफतं नि वडी झालीच पाहिजे, लग्नात पंगतीला अळू. आणि दुसरं त्याहून मोठं, गुजराती फरसाणवाले, ज्यांना पातरा (गुजराती अळूवडी) रोज लागतो, बारा महिने, सणवार काही नाही. पातऱ्याला लागतं काळ्या देठाचं पान, मध्यम मोठं, सारख्या आकाराचं, एकही भोक नसलेलं. भाजीला हिरव्या देठाचं चालतं. म्हणून बियाणं घेताना काळ्या देठाचं घ्या, आणि घ्यायच्या आधी ज्याच्याकडून घेणार त्याच्या शेतातली चार पानं घरी आणून शिजवून खाऊन बघा, चिंच घालूनसुद्धा घसा खवखवत असेल तर ते बियाणं सोडा. एकदा लावलं की ते जमिनीतून जात नाही, खाजरं अळू घेऊन बसाल आणि फरसाणवाला दुसऱ्यांदा फोन उचलणार नाही.

लावायचं दोन फूट बाय दीड फुटावर, पंचवीस-तीस ग्रॅमचे कंद, एका वीघ्याला साडेआठ हजारांच्या आसपास कंद बसतात, वजनात सव्वादोनशे-अडीचशे किलो. वरंबे करा, सरीतून पाणी सरकतं ठेवा. अळू पाण्यात उभं राहतं हे खरं, पण तापलेल्या, हलत नसलेल्या पाण्यात त्याचा कंद सडतो, म्हणून एका टोकाने पाणी आत आणि दुसऱ्या टोकाने बाहेर अशी उताराची सोय पाहिजे, एक इंच उतार असला तरी पुरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलंत आणि बोअरचं पाणी असेल तर पूर यायच्या आधी झाड मजबूत होतं, तीन-चार दिवस बुडलं तरी नवीन पान काढतं. जूनअखेर लावलं तर कोवळं असतानाच पूर येतो आणि गाळात दबतं. दोन महिन्यांत पहिली तोडणी, मग एका झाडाची एका वेळी एक-दोनच पानं, मधलं सुरळीचं पान आणि त्याच्या शेजारचं सोडून द्यायचं. शेणखत भरपूर, चांगलं कुजलेलं. पुरानंतर जेवढी पानं बुडाली होती ती सगळी कापून बाहेर टाकायची, गाळ धुतला तरी विकायची नाहीत, नंतर आलेलं नवीन पानच बाजारात.

त्याला एक रोग आहे जो भाद्रपदात सगळा मळा झोपवतो, पानावर पाण्याने भिजल्यासारखे गोल तपकिरी चट्टे येतात, कडेला पिवळट थेंब दिसतात, आणि सततची झड लागली की चार-पाच दिवसांत पान गळून पडतं. याला औषधं आहेत पण आपण पानच विकतो, त्यामुळे फवारून दुसऱ्या दिवशी तोडणं हे पाप आहे, लेबलवर जितके दिवस लिहिलेत तितके थांबायचं म्हणजे थांबायचं. त्यापेक्षा अंतर दाट करू नका, चट्टा दिसला की पान त्याच दिवशी तोडून शेताबाहेर पुरा, आणि रोग आलेल्या शेतातलं बियाणं घेऊ नका. अळ्या आणि मावा हाताने, सकाळी पानं उलटून बघून. हे कंटाळवाणं काम आहे पण भोक पडलेल्या पानाला फरसाणवाला निम्मा भाव पण देत नाही. रानडुकरं कंद उकरतात, तुमच्याकडे येत असतील तर कुंपणाचे पैसे आधीच धरा.

मधलं खोल पाणी शिंगाड्याचं, इथे सगळे शिंगोडा म्हणतात. हे काम आपल्या भागात भोई लोकांचं, त्यांच्या हातात जे आहे ते पुस्तकात नाही, त्यामुळे माझा सल्ला आहे की पहिलं वर्ष एखाद्या जाणत्या भोईकाकांना अर्ध्या भागीने द्या आणि त्यांच्याबरोबर पाण्यात उतरून शिका. शिंगाड्याचं बी कधी सुकू द्यायचं नसतं, सुकलं की मेलं. दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीतली भरलेली फळं पाण्याच्या माठात ठेवतात, जानेवारी-फेब्रुवारीत कोंब आला की छोट्या उथळ तळ्यात सोडतात, आणि जून-जुलैत त्या वेली काढून दोन-तीन एकत्र बांधून पायाच्या अंगठ्याने चिखलात दाबत जायचं, तीन ते सहा फुटांवर. बिनकाट्याची जात घ्या, तोडणारे हात वाचतात. पीक चार-साडेचार महिन्यांचं, नवरात्राच्या आसपास पहिली तोडणी आणि मग दहा-पंधरा दिवसांनी एकेक, डिसेंबरपर्यंत. फळ जास्त पिकलं की सुटून तळाला जातं, म्हणून तोडणी लांबवता येत नाही. जबलपूरकडे चांगल्या तलावात हेक्टरी ८० ते १०० क्विंटल हिरवं फळ निघतं, आपला वीघा पाव हेक्टरहून थोडा कमी, त्यामुळे वीस-बावीस क्विंटल ही वरची मर्यादा झाली, पहिल्या वर्षी तुम्ही त्याच्या निम्मं धरून हिशेब मांडा.

पुरात वेली वाहून जातात हा आपल्याकडचा मोठा धोका. चौकोनात बांबू रोवून पाण्याच्या पातळीवर नायलॉनची दोरी ताणली तर वेली अडकून राहतात, आणि बाहेरून येणारी जलपर्णीही तिथेच अडते. ही जलपर्णी रोज काढायची, आठ दिवस सोडली तर शिंगाड्याला सूर्य दिसत नाही. तिचं खत करायचा मोह होतो, पण नदीतून आलेली जलपर्णी धातू शोषून आलेली असते, ती अळूला घालू नका, बाजूला वाळवून टाका. पानं खरवडणारा एक छोटा भुंगा येतो, त्याच्या अळ्या पान चाळणीसारखं करतात, जुनी पानं खुडून काढणं हाच चांगला इलाज, पाण्यात कीटकनाशक ओतायचं नाही. रोहू-कटला मासे थोडे सोडले तर चालतात, ग्रास कार्प मात्र बिलकुल नको, तो वेलच खातो. जांभळी पाणकोंबडी कोवळे कोंब उपटते, तिला हाकलायला फक्त माणूस लागतो.

आणि खाण्याबद्दल. मळमिश्रित पाण्यातल्या शिंगाड्याच्या सालीवर एका चपट्या कृमीची बीजं चिकटलेली असू शकतात, दाताने साल सोलून कच्चं खाल्लं की ती पोटात जातात. माल धुऊन, शक्यतो उकडूनच विका. बडोद्यात थंडीत लारीवर (हातगाडीवर) उकडलेले काळे शिंगोडे मिळतात तेच उत्तम आहे, उकडलेल्याला भावही बरा येतो, आणि उरलेलं फळ सोलून वाळवलंत तर एकादशी-महाशिवरात्रीला पिठाला गिऱ्हाईक आहेच.

मगरींचं मात्र गंभीरपणे ऐका. विश्वामित्रीत २०२५ च्या गणतीत ४४० हून जास्त मगरी मोजल्या, आणि पुरात त्या कोतरातून कुठेही शिरतात, २०२४ ला लोकांच्या अंगणात सापडल्या. तुमचं खोल पाणी वर्षभर कोतराला जोडलेलं असेल तर शिंगाडा नकोच, कुणाचा तरी पाय जाईल. पाळ्याने तोडलेलं असेल तर पाळ्यावर जाळी, पूर ओसरल्यावर निदान दोन आठवडे कुणी पाण्यात उतरायचं नाही, नुसतं काठावरून लक्ष ठेवायचं. तोडणी सकाळी दहा ते चार, कायम दोघं, छातीभर पाण्यात चालत न जाता पत्र्याच्या डोणीत किंवा ट्यूबवर फळी टाकून. कोंबड्यांचे, माशांचे अवशेष आजूबाजूला टाकू द्यायचे नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल त्या काठाच्या मातीत अंडी घालतात, तेव्हा नदीकडचा काठ खोदायचा नाही, आणि खरं तर नदीच्या बाजूची वीस-पंचवीस फुटांची पट्टी झाडोरा वाढू देऊन सोडूनच द्या, ती त्यांची जागा आहे. दिसली तर वनखात्याला फोन, दगड मारणं नाही, वन्यजीव कायद्यात ती पहिल्या अनुसूचीत आहे. आणि चिखलात काम करणाऱ्यांना गमबूट द्या, पायाला जखम असेल त्याला त्या दिवशी पाण्यात पाठवू नका. लेप्टोने (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाने) सुरत-नवसारीकडे शेतमजूर गेलेत, पुरानंतर कुणाला ताप आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या आणि पाण्यात काम करतो हे डॉक्टरला सांगा.

कड आणि खोल पाणी यांच्या मधल्या गुडघाभर पट्ट्यात कमळ. पण शिंगाडा आणि कमळ एकाच पाण्यात कधीच नाही, मध्ये पाळा हवाच, कमळाचा कंद चिखलातून एका मोसमात कित्येक फूट पळतो आणि दोन वर्षांत सगळं त्याचंच होतं. मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन पेरांचा, टोकाचा कोंब शाबूत असलेला तुकडा तिरका चिखलात दाबायचा, पाणी आधी वीतभर, पानं वर आली तसं वाढवायचं. कोंब मोडला तर तो तुकडा फुकट. पूर चढून पानं आठवडाभर बुडाली तर सडतात, पण कंद जिवंत राहतो, म्हणून मला कमळ शिंगाड्यापेक्षा भरवशाचं वाटतं. कमळकाकडी काढायची नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, पाणी उतरल्यावर चिखलात पायाने चाचपत, अखंड काढायची, तुटली की आत चिखल भरतो आणि भाव जातो. वारसियातल्या सिंधी कुटुंबांत तिला कायमची मागणी आहे, तिथल्या भाजीवाल्यांना आधी जाऊन भेटा, मार्केट यार्डात नेऊन लिलावात टाकू नका.

फुलं हवी असतील, म्हणजे रिपोर्ट खराब आला तेव्हाची वाट, तर कळी पहाटे उजाडायच्या आत तोडायची, देठ पाण्यात, ओल्या कंतानात गुंडाळून सातच्या आत खंडेराव मार्केटजवळच्या फूलबाजारात. थंडी वाढली की फूल कमी होतं, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला कळ्या थोड्या आणि गिऱ्हाईक जास्त असं असतं, त्या आठवड्यासाठी काही वाफे राखून ठेवा.

बाकीचं पटकन. वाळा बांधावर जरूर लावा, मुळं खोल जाऊन पाळा धरून ठेवतात, दीडेक वर्षाने मुळं काढून विकता येतात, पण सगळा बांध एकदम खणू नका नाहीतर पुढच्या पुरात पाळाच जाईल. वेखंड आणि ब्राह्मी ओलीत छान येतात, आणंदजवळ बोरियावीला औषधी वनस्पतींचं केंद्रीय संशोधन केंद्र आहे तिथे रोपं आणि माहिती मिळते, पण घेणारा लेखी ठरल्याशिवाय वीघाभर लावू नका, ब्राह्मी तर स्वच्छ पाणी असेल तरच. नाळीची भाजी आपोआप येईल, ती घाण पाण्यात सगळ्यात जोमाने वाढते म्हणूनच खाऊ नका आणि मजुरांनाही नेऊ देऊ नका. आणि मही नदीच्या रेतीत टरबूज-काकडी होतात ते बघून इथे करू नका, तिथे रेती, इथे काळी चिकण माती, पाणी हटल्यावर फारतर ओलीवर हरभरा निघेल.

तुम्ही पहिल्या वर्षी एवढंच करा: कोतराच्या तोंडाचा पाळा आणि पाइप मे संपायच्या आत, मातीचे नमुने त्याच्याही आधी, अर्धा वीघा अळू, एखादा कोपरा कमळ, शिंगाडा दुसऱ्या वर्षी. अळू लावायच्या आधीच तीन-चार फरसाणवाल्यांकडे जाऊन रोज किती पानं लागतात, केवढ्या आकाराची, जुडी किती पानांची आणि पैसे रोज की आठवड्याने हे विचारून या. पानं पहाटे तोडून, देठ एकाच बाजूला करून, ओल्या कंतानात साडेसहापर्यंत त्यांच्या दुकानात पोचली पाहिजेत, कारण पातऱ्याचं बेसन ते आठच्या आत कालवतात. लॅबचा रिपोर्ट हातात आला की त्यातले चारही धातूंचे आकडे इथे टाका, अळू लावायचं की फुलांकडे वळायचं ते मी बघून सांगतो.